आमचे हे आणि त्यांची ‘पोकळी’

लोकांना जशी सर्दी होते, तसे आमच्या ह्यांना छंद होतात. आधी नुसती नाकात हुळहुळ, मग सगळं घर आजारी, आणि एक दिवस ताप उतरावा तसा छंद उतरतो. मागे राहतं ते सामान, आणि ते झटकायला मी. पलंगाखाली माशांची काचेची पेटी आहे, तिच्यात आता थंडीचे कपडे राहतात. माळ्यावर दुर्बीण आहे. तिच्यातून तारे कधी सापडले नाहीत, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी मात्र फार देखणी दिसते. बाल्कनीत एक बुटकं झाड होतं. त्याला बुटकं ठेवायचं म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवायचं असतं म्हणे. मला काही ते बघवेना. मी रोज पाणी घातलं, खत घातलं, आणि ते असं तरारून वाढलं की ह्यांनी त्याला छंदातून काढून टाकलं. आता ते नुसतं झाड आहे.

हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहेत. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी ह्यांचे कान वर जातात, मग पाय. कुणाकडे जेवायला गेलो तर बेल मी एकटीच वाजवते.

“हे कुठायत?” घरातली बाई विचारते.

“लिफ्टमध्ये.”

“अगं बाई, अडकले?”

“नाही हो. ऐकतायत.”

मग ती बाई माझ्याकडे जरा दयेने बघते आणि मला पाणी आणून देते.

ह्यांच्या फोनमध्ये माझा फोटो एक आहे, तोही डोळे मिटलेला. लिफ्टचे आवाज मात्र शेकडो. दोर घासल्याचा, दार थरथरल्याचा, आणि सगळ्यात लाडका म्हणजे रिकाम्या पोकळीचा. लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून वरखाली करते ती पोकळी. तिच्यात काही हलत नसलं तरी एक आवाज असतो, असं ह्यांचं म्हणणं. मला तो अजून ऐकू आलेला नाही. मी आपली फोनला कान लावते आणि “अय्या, खरंच की!” म्हणते. संसारात एवढं करावंच लागतं.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. कॉलेजात असताना ते कीबोर्ड वाजवायचे, आता लोकांचे दात वाजवतात. (हा विनोद त्यांचाच. माझा असता तर मी इथे लिहिला नसता.) बाहेर बसलेल्या पेशंटना आतल्या यंत्राची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांना काहीतरी शांत आवाज हवा होता. ह्यांनी पोकळीचा आवाज खूप संथ करून दिला, डॉक्टरांनी त्यावर कीबोर्डचा एक लांबच लांब सूर धरला, आणि बाहेरच्या खोलीतले पेशंट खरोखर गप्प झाले. घाबरून झाले की शांत होऊन, ते कुणी विचारलं नाही. पण दोघांना वाटलं, आपल्याला काहीतरी सापडलं. गटाचं नाव ठेवलं ‘पोकळी’. शेजारपाजारचे त्यांना ‘पोकळीवाले’ म्हणू लागले.

तिसरी आली ती माझी नणंद. ती फरशांच्या कारखान्यात संगणकावर नक्षी काढते. लोक जिच्यावर पाय देऊन चालतात, तिच्यावर ही महिनोन्महिने डोळे फोडते. एकदा चहाला आली, ते संगीत ऐकलं, कप खाली ठेवला आणि म्हणाली, “दादा, ह्याला चित्र पाहिजे.” झालं. आमच्या जेवणाच्या खोलीची भिंत पांढरी केली गेली, दिवाळं निघालेल्या कुठल्याशा शाळेचा प्रोजेक्टर आला, आणि संगणक त्या भिंतीवर आपोआप चित्रं काढू लागला. कुणी हाताने काढायची नाहीत, अशी अट. संगणकच आकार जन्माला घालणार, वाढवणार, विरघळवणार.

आता हे संगीत कसं असतं ते सांगते. एक सूर लागतो. मग तो जात नाही. आपण म्हणतो, आता गाणं सुरू होईल. सुरू होईल, होईल, आणि संपतं. पाव्हण्यांची वाट बघत दारात उभं राहावं, आणि ते येऊन गेले असं कळावं, तसं काहीसं. मी हे एकदा बोलून दाखवलं तेव्हा डॉक्टर भारावून म्हणाले, “वहिनी, अगदी हेच! हेच आम्हाला साधायचंय!” तेव्हापासून मी टीका करायचं सोडलं. ह्या लोकांना टीका लागू पडत नाही.

पण त्यांना एक माणूस हवा होता, ज्याच्यावर प्रत्येक रचना करून बघता येईल. त्याला ते ‘वहिनी-चाचणी’ म्हणत. जेवणाच्या खोलीत फ्रिजशेजारी माझी खुर्ची. विजेची जास्तीची बटणं त्याच कोपऱ्यात, म्हणून सगळा तामझामही तिथेच. मी हातात इस्त्रीचे कपडे घड्या घालायला घेऊन बसायची. रचना सुरू व्हायची, भिंतीवर निळं काहीतरी हलायचं, आणि माझी मान पडायची. दर वेळी. मग ह्या तिघांत वाद.

“झोपली म्हणजे पास,” डॉक्टर म्हणायचे. “माणूस निर्धास्त असल्याशिवाय झोपत नाही.”

“ती वर्तमानपत्र वाचतानाही झोपते,” हे म्हणायचे. “तिचं काय धरायचं?”

“वहिनी, कुठल्या ठिकाणी झोपलीस, आठवतंय का?” नणंद. “म्हणजे निळं होतं तेव्हा, की मुळं फुटली तेव्हा?”

मुळं फुटलेली मी आजवर पाहिलेली नाहीत.

मी तत्त्वज्ञान घेऊन पदवी घेतलेली आहे, हे ह्यांनी डॉक्टरांना कधीतरी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे गटाची ओळख लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मटार सोलता सोलता लिहिलं: ‘ह्या सादरीकरणात कलावंत मागे सरतात आणि अवकाश स्वतःच वादक होतो.’ नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी ते वाक्य मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचा अर्थ काय, हे मला विचारायची कुणाची छाती झाली नाही ते बरंच झालं. नाहीतर पदवी परत करायची वेळ आली असती.

खरं तर त्या वाक्याला थोडा आधार होता. नणंदेने संगणकाला असं शिकवलं होतं की, माइकमधून जे ऐकू येईल त्यातून ‘पोकळी’चा स्वतःचा आवाज वजा करायचा, आणि जे उरेल, म्हणजे खोलीचा आवाज, त्याच्यावर चित्र हलवायचं. आपल्याच वाजवण्यावर आपलंच चित्र नाचवणं तिला पोरकट वाटत होतं. कुणी खुर्ची सरकवली, कुणी खोकलं, की चित्रात तरंग उठायचा. आणि काही न घडतासुद्धा भिंतीच्या तळाशी एक जाड, निळा, थरथरता पट्टा कायम असायचा. त्याला ते ‘समुद्र’ म्हणत. मुळं, मासे, जाळ्या, जे काय असेल ते त्या समुद्रातूनच वर यायचं. “हा आमच्या कामाचा आत्मा आहे,” नणंद सांगायची. डॉक्टरांनी तर आपला लांबच लांब सूरही कळत नकळत त्या समुद्राशी जुळवून घेतला होता.

मग सभागृह मिळालं.

आमच्याकडे एक कलाकेंद्र आहे. तिथल्या व्यवस्थापिका बाई म्हणजे सरळ पाठीच्या, सरळ बोलण्याच्या. त्यांचा दात दुखत होता, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसून ‘पोकळी’ ऐकली होती. त्या म्हणाल्या, “एक संध्याकाळ देते. लोक शेवटपर्यंत बसले, तर महिन्याला एक संध्याकाळ तुमची. उठून गेले, तर हा विषय आपण दोघांनी विसरायचा. चालेल?”

ह्यांनी मान डोलावली. घरी आल्यावर वायर कोपराभोवती गुंडाळत गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे जमलं नाही तर बास. ह्यापुढे मी काही नवीन करायला घेणार नाही. वय झालं आता.”

लग्न झाल्यापासून मी ह्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं, आणि मला ते नकोसं झालं. कारण माझे सासरे मला आठवले. नोकरी संपल्यावर ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच. टीव्ही बंद असला तरी त्याच्याकडे बघत असायचे. त्यांना कसलाच छंद नव्हता, कुणाला त्रास नव्हता, घर अगदी नीटनेटकं होतं. ह्यांची पाठ तशीच आहे, खुर्चीही अजून आहे. पलंगाखालची काचेची पेटी मला एकाएकी फार लाडकी वाटू लागली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळीच सगळे सभागृहात तालमीला गेलो. जागा उत्तम. जाड पडदे, मऊ खुर्च्या, दार लावलं की बाहेरचं जग बंद. ह्यांनी वायरी जोडल्या, डॉक्टरांनी सूर धरला, नणंदेने बटण दाबलं. भला मोठा पडदा, आणि त्यावर काळोख. थोडा वेळ थांबलो. ह्या संगीतात थोडा वेळ थांबण्याची सगळ्यांनाच सवय. काळोखच.

“समुद्र कुठे गेला?” डॉक्टरांनी विचारलं.

वायरी बदलल्या, माइक बदलला. मी एकदा शिंकले तेव्हा पडद्यावर एक ठिपका उमटला आणि विझला. म्हणजे यंत्र जिवंत होतं. डॉक्टरांचा सूरही ऐकायला कसा तरी उघडाबोडका वाटत होता, मधोमध पाय लटकत असल्यासारखा. ह्यांनी तीच वायर तिसऱ्यांदा काढून जोडली.

दिवसभराची उपासमार घेऊन घरी आलो. नणंदेने जेवणाच्या खोलीत संगणक लावला, आणि भिंतीवर समुद्र आला. जाडजूड, निळा, नेहमीसारखा. ती माइक हातात घेऊन खोलीत फिरू लागली. खिडकीशी समुद्र उथळ झाला. दाराशी आणखी उथळ. माझ्या खुर्चीजवळ आली तेव्हा भरती. आणि तेवढ्यात आमचा फ्रिज, जो घरात माणसं असली की दार सारखं उघडल्यामुळे आणि त्याचं रबर सैल झाल्यामुळे थांबतच नाही, पण त्या दिवशी आम्ही कुणीच घरात नसल्यामुळे पुरेसा थंड झाला होता, तो एकदा अंग झटकून गप्प झाला.

भिंतीवर काळोख.

आम्ही चौघे फ्रिजकडे बघत राहिलो. फ्रिज आमच्याकडे बघत राहिला.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हाला वरच्या मजल्यावरच्या मोटारीचं बेअरिंग गेलेलं खालून कळतं. हा नाही ऐकू आला?”

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “तो घरचा आहे ना,” हे कसंबसं म्हणाले. “घरचं कुठे ऐकू येतं.”

एवढ्यावर मला बरंच काही बोलता आलं असतं, पण प्रसंग ओळखून मी ते पुढच्यासाठी राखून ठेवलं. उपाय शोधायला सुरुवात झाली. फ्रिजचा आवाज टिपून सभागृहात वाजवू, असं डॉक्टर म्हणाले. पण संगणक ‘पोकळी’च्या स्पीकरमधून आलेलं सगळंच वजा करणार, तेही करणार. एका दिवसात त्याला दुसरं काही शिकवणं नणंदेला शक्य नव्हतं. पंखा लावून बघितला, समुद्राचा गाळ झाला. मिक्सर लावला, भिंतीवर दगडफेक झाली. डॉक्टरांनी खालून दवाखान्यातला हवेचा पंप आणला. त्याच्यावर जे चित्र आलं ते बघून नणंदेने डोळे मिटून घेतले.

“मग फ्रिजच नेऊ या,” ती शेवटी म्हणाली.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. घरातल्या बाकीच्या वस्तू कुणाच्याही असोत, फ्रिज माझा आहे हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आमचं दूध शेजारच्या घरी, भाज्या वरच्या मजल्यावर आणि बर्फाचे ट्रे मोरीत. वरच्या मजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या, “नवीन घेताय वाटतं?” मी म्हटलं, “नाही हो. आमच्या फ्रिजचा कार्यक्रम आहे.” त्यांनी दार लावून घेतलं.

फ्रिज टेम्पोतून उभा गेला. ह्यांनी सांगितलं की जागेवर पोचल्यावर त्याला थोडा वेळ स्वस्थ उभं राहू द्यायचं, मगच चालू करायचं. इतक्या हळुवारपणे माझ्याबद्दल कुणी कधी काही सांगितलेलं मला आठवत नाही. मंचाच्या एका कडेला त्याला काळ्या चादरीत गुंडाळलं. आतला दिवा काढला. प्रश्न एवढाच उरला की सभागृह गार, फ्रिज रिकामा, म्हणजे तो पटकन थंड होऊन गप्प होणार. त्याला काम दिलं पाहिजे. तर आत उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवायचं, झाकणासकट, आणि कुणीतरी मागे बसून मोटार थांबली की दार किलकिलं करायचं.

फ्रिजमध्ये गरम ठेवू नका, हे मी ज्या घरात वर्षानुवर्षं ओरडून सांगत आले, त्या घराने मला फ्रिजमध्ये उकळतं पातेलं ठेवायला बसवलं. काळे कपडे, काळा स्कार्फ आणि बसायला बुटकं स्टूल.

“वहिनी, झोपायचं नाही हं,” नणंद म्हणाली.

“काहीतरीच काय! जबाबदारी आहे.”

“माइक तुझ्या उजव्या हाताशी आहे. धक्का लावू नकोस.”

लोक बऱ्यापैकी आले. अर्धे डॉक्टरांचे पेशंट, डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं म्हणून आलेले. ह्यांच्या कंपनीतले काही जण, कारखान्यातल्या दोन मैत्रिणी, आणि शेवटच्या रांगेत व्यवस्थापिका बाई, सरळ पाठीने. दिवे गेले. हे यंत्रापुढे उभे होते, आणि आधीच घट्ट बसलेल्या वायरी पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. एवढं मी पाहिलं. सूर लागला. फ्रिज घुमायला लागला. पडद्यावर समुद्र आला, आणि तो आमच्या भिंतीवरच्यापेक्षा किती मोठा! मला खरंच अभिमान वाटला. निम्मा ह्यांचा, निम्मा फ्रिजचा. त्याला मीच महिन्याला पुसून काढते.

ह्यापुढचं मला नणंदेने सांगितलं. कारण मी तिथे असून नव्हते.

थोड्या वेळाने पातेलं निवलं, फ्रिज थंड झाला, अंग झटकून थांबला. समुद्र गेला. पडदा काळा. ह्यांनी माझ्या दिशेने पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं. दार काही उघडेना. सभागृहात कुणीतरी कुजबुजलं, एक खुर्ची वाजली, एकजण उठायला निघाला. ह्यांनी हात यंत्रावरून काढले. “दादाचा चेहरा असा झाला ना, वहिनी, जसं काही त्याला आधीच माहीत होतं,” नणंद म्हणाली.

आणि तेव्हा पडद्याच्या तळातून एक लाट वर आली. संथ, गोल, निळी. वरपर्यंत चढली, क्षणभर थांबली, आणि फुटून खाली आली. मग दुसरी. हिला मधेच एक छोटी शिटी होती, तिच्यामुळे लाटेच्या माथ्यावर पांढरा फेस आला. उठायला निघालेला माणूस पुन्हा खाली बसला.

मी घोरत होते. माइक उजव्या हाताशी होताच, आणि घरच्यासारखं घोरणं बुडवून टाकायला फ्रिजची घरघर नव्हती.

सभागृहात आधी कुणाला कळलं नाही. मग एकेकाला कळत गेलं, आणि हसू आलं, आणि हसण्याचेही तरंग पडद्यावर उठले, आणि ते बघून आणखी हसू. पण लाटा थांबेनात, त्यामुळे हसू ओसरलं. ह्यांनी म्हणे आपला आवाज अगदी खाली आणला आणि माझ्या श्वासाच्या मागे मागे जाऊ लागले. मी आत घेतला की सूर चढवायचा, सोडला की उतरवायचा. डॉक्टरांनाही ते उमगलं. “मी आजवर आपलं ऐकलेलं सगळ्यात चांगलं तेच,” नणंद म्हणाली. ती स्वतः कामात होती, तरी रडली. तिला रडायला फार लागत नाही, हे मी वर सांगितलंच आहे.

मला जाग आली ती टाळ्यांनी. जाग आल्याबरोबर पहिला विचार कर्तव्याचा. मोटार बंद! मी सगळा जोर लावून फ्रिजचं दार उघडलं. पातेल्याचं झाकण घरंगळत बाहेर आलं आणि मंचावर गोल गोल फिरत, खणखणत, शेवटी टाळी वाजवल्यासारखं आडवं पडलं. पडद्यावर म्हणे एक तारा फुटला. लोक उठून उभे राहिले. मी काळ्या स्कार्फात, हातात फ्रिजचं दार धरून, त्यांच्याकडे बघत उभी. काय करावं कळेना, म्हणून वाकून नमस्कार केला.

कुणी उठून गेलं नव्हतं. अगदी एकही माणूस नाही. मी गाडीत बसताना ह्यांना तेच सांगत होते. हे “हो” म्हणाले. घरी आल्यावर फ्रिज जागेवर लावला, वायर गुंडाळली, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

पुढचे काही दिवस असेच. कामावरून आले की खुर्ची. वाटेत भेटेल तो म्हणायचा, “वहिनींनी काय धमाल केली हो!” कंपनीत म्हणे एकाने ह्यांना घोरण्याची नक्कल करून दाखवली. डॉक्टरांचे पेशंट माझी चौकशी करत. ह्यांनी वर्ष-दीड वर्ष ज्या आवाजावर जीव टाकला, त्याच्याबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मग व्यवस्थापिका बाईंचा फोन आला. ह्यांनी तो स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मला कणभरही कान द्यावा लागला नाही. त्या म्हणाल्या, “महिन्याची संध्याकाळ तुमची, मोठं सभागृह. फक्त ते घोरणं ठेवायचं. लोक त्याच्याबद्दलच बोलतायत.”

“विचार करून सांगतो,” हे म्हणाले.

मी हात पुसत बाहेर आले. “अहो, मी घोरेन. त्यात काय! दर महिन्याला घोरेन.”

“तुला मुद्दाम नाही येणार.”

“न यायला काय झालं? तुमच्या बहिणीला बोलवा.”

नणंद आली, डॉक्टरही आले, भिंतीवर चित्र लावलं, आणि मी खुर्चीत डोळे मिटून घोरायचा सराव केला. माझ्या परीने जीव ओतून केला. भिंतीवर काहीतरी कोपऱ्या-कोपऱ्यांचं, खडबडीत हलत राहिलं.

“वहिनी,” नणंद हळूच म्हणाली, “खोटं वाटतंय गं.”

मग मी खरंच झोपायचा प्रयत्न केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत मला झोप आली नाही. तिघं माझ्याकडे आशेने बघत असताना कुणाला येईल? डॉक्टर म्हणाले, गोळी देतो. हे मोठ्याने म्हणाले, “डॉक्टर, बास.”

आणि मग हसायला लागले. बऱ्याच दिवसांनी. हसता हसता खुर्चीचा हात धरून खाली वाकले, आणि मीही हसले, कारण माझा स्कार्फ अजून डोक्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा घेऊन निघायच्या आधी, ह्यांनी बाईंना फोन लावला, पुन्हा स्पीकरवरच. मी पोळपाट बाजूला सारून उभी राहिले.

“घोरणं मिळणार नाही,” हे म्हणाले. “नाही, तिची ना नाही. माझीच आहे. ते एकदा झालं, झालं. फ्रिजही नको आता. तुमच्या खोलीत जे ऐकू येत असेल, त्याच्यावरच करू आम्ही. माणसं जेवढी येतील तेवढी.”

मग बाई म्हणाल्या, “मग मोठं सभागृह नाही देता येणार. वरच्या मजल्यावर नाचाच्या तालमीची खोली आहे. तिथला पंखा कुरकुरतो.”

“चालेल,” हे म्हणाले. फोन ठेवून डबा उचलला आणि दारातून परत फिरून म्हणाले, “अगं, लांब वायरचा एक बोर्ड लागेल.” खिडकीजवळच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी पाहिलं. मग तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवून दिले.

रविवारी आम्ही दोघं ती खोली बघायला गेलो. सामान काही नेलं नव्हतं. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात गुंडाळलेल्या सतरंज्या. हे मधोमध मांडी घालून बसले, मला शेजारी बसवलं, आणि म्हणाले, “आता काही बोलू नकोस. नुसतं काय ऐकू येतं ते सांग.”

मी ऐकलं. झोप येतेय का ते आधी तपासलं, येत नव्हती.

“पंखा कुरकुरतोय. दर फेऱ्याला एकदा.”

“आणि?”

“खाली कुणीतरी खुर्च्या सरकवतंय. नळ गळतोय कुठेतरी.”

“आणि?”

“आणि तुमचं पोट वाजतंय. सकाळपासून काही खाल्लं नाहीयेत.”

“राहू दे,” हे डोळे मिटून म्हणाले, “तेही घेऊ.”